निशाणी चंद्रकोर

३ डिसेंबर १९७३, सोमवार. पुणतांबा.
आजपासून नियमित रोजनिशी. थोर माणसं ठेवतात.
श्रीरामपूरला गायनस्पर्धा ठरली. पहिला येईल त्याला मुंबईच्या टीव्हीवर गायला मिळणार, असं संयोजक सांगतात. मी स्पर्धकही आणि कमिटीचा सल्लागारही. दोन्ही जागी मीच योग्य, त्याला इलाज नाही. शिवाय कमिटीत टीव्ही पाहिलेला मी एकटाच. (दादरला, मेव्हण्याच्या शेजाऱ्यांकडे, दारातून.)

४ डिसेंबर
कमिटीला समजावलं. टीव्हीवर रंग नसतात, तेव्हा माणूस कोण ते बघताक्षणी कळलं पाहिजे. ख्रिश्चनाने इंग्रजी गावं, मुसलमानाने कव्वाली. पटलं. मी शास्त्रीय गाणार. मी कोण ते सांगावं लागत नाही.
मतं पब्लिकची. अर्धं तिकीट फाडून आवडत्या गायकाच्या डालडाच्या डब्यात टाकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डब्यांवर इलेक्शनसारखी निशाणी, ही कल्पना माझी. मला वीणा. श्रीरामपूरच्या मार्था साळवेला क्रूस. आमच्या गावच्या महमूद टेलरला चंद्रकोर.

६ डिसेंबर, गुरुवार
महमूद नाराज. दर गुरुवारी देवळातल्या भजनात मी गातो तेव्हा पेटी तोच धरतो, अभंगही म्हणतो. म्हणाला, रंगनाथराव, मला कव्वाली येतच न्हाई, मी अभंगच म्हनंन. समजूत घातली. जाळीची टोपी, काळं जाकीट, गळ्यात रुमाल, सगळं मीच जमवून दिलं. त्याच्या भल्यासाठी. शिवाय अशा सोंगाला लोक हसतात, मत देत नाहीत, असा माझा अंदाज आहे.
मार्थाबाई नऊवारी नेसतात आणि त्यांना इंग्रजी येत नाही. फ्रॉकचं नाव काढताच त्यांनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. काही लोकांना प्रगतीच नको असते.

९ डिसेंबर, रविवार. पहिली फेरी.
महमूद कव्वालीसारखं काहीतरी ओरडला. टाळ्या थांबेनात. त्याचा डबा भरला, माझ्या डब्याचा तळ दिसत होता. वीणा लोकांना पळी वाटली. चूक चित्र काढणाऱ्याची.
चंद्रकोरीच्या डब्याजवळ मुसलमान मंडळी बसली आणि बाकीचे उठून पलीकडे गेले. कोणी सांगितलं नव्हतं. बैठकीला आपोआप शिस्त आली.

११ डिसेंबर
बाजारात लोक म्हणत होते, चंद्रकोर निवडून येतीच कशी, बगू. गाण्याविषयी कोणी बोलेना. मी म्हटलं, मग वीणेला टाका. लगेच कबूल. माझी लोकप्रियता वाढते आहे.
महमूदला गावात मियाँ म्हणायला लागलेत. आजवर नुसता महमूद होता.

१३ डिसेंबर, गुरुवार
भजनाला महमूद आला. दाराशी कोणीतरी म्हणालं, मियाँ हितं कशाला? त्याने पेटी वाजवली आणि प्रसाद न घेता गेला. मी त्या माणसाला दटावणार होतो, पण त्याच्या घरात पाच मतं आहेत.
नंतर महमूदची बायको शरिफा घरी आली. म्हणाली, भाऊ, डब्यावरचं चित्र तेवढं काडा, नुसतं नाव लिवा. मला भीती वाटती. मी सांगितलं, निशाणी बदलता येत नाही, नियम आहे. (नियम मीच केलाय, पण नियम तो नियम.)

१६ डिसेंबर, रविवार. अंतिम फेरी.
मैदान गच्च. बरेच जण काठ्या घेऊन आलेले. वाटेत कुत्री फार. दोन पोलीसही होते, गाण्याचे शौकीन असावेत.
महमूदने स्टेजवर टोपी काढून ठेवली, देवळातून आणलेली पेटी पुढे ओढली आणि अभंग धरला. मला खरंच भरून आलं. तेवढ्यात एका बाजूने आरडाओरडा, आमची निशानी लावून हे काय गातो? दुसऱ्या बाजूने, आमचा अभंग याच्या तोंडी कशाला? दगड दोन्हीकडून आले. तरी त्याने दुसरं चरण पुरं केलं. मग कपाळ फुटलं. भजनाची पेटीही फुटली. डबे तुडवले गेले, त्यामुळे मला किती मतं पडली ते कळलं नाही. बरीच असावीत.

१८ डिसेंबर
रात्रीत महमूदचं दुकान जाळलं. कोणी ते कोणालाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही.
मुंबईला कोणालाच पाठवायचं नाही असं संयोजकांनी ठरवलं. मी निषेध नोंदवला.

२० डिसेंबर, गुरुवार
महमूद आणि शरिफा पहाटेच्या गाडीने गाव सोडून गेले. स्टेशनवर जाणार होतो, पण थंडी फार.
पेटी नाही, म्हणून आज भजन झालं नाही. आता गावाची मदार माझ्यावर. पुढच्या गुरुवारी पेटीशिवाय मी एकटा गाणार. खऱ्या गवयाला पेटी लागत नाही.

२७ डिसेंबर, गुरुवार
अभंग धरला. पहिल्याच ओळीत घसरलो. घसा बसला असेल म्हणून खाकरून पुन्हा धरला. पुन्हा तेच. टाळ वाजवणारे थांबले, सगळे खाली बघायला लागले.
लंकाबाई भजनातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, रंगनाथ, तू पट्टी सोडलीस की महमूद पेटीची पट्टी बदलून तुज्यामागं यायचा. दर गुरवारी. तुला म्हाईत न्हवतं व्हय?
मी म्हटलं, माहीत होतं.
माहीत नव्हतं.
लंकाबाईंनी टाळ पिशवीत घातले आणि उठल्या. मग एकेक करून सगळेच उठले.