घास गालात राहतो

३ डिसेंबर, बुधवार

दुपारी सासूबाईंचं तोंड पुसायला गेले, तर डाव्या गालात सकाळच्या पेजेचा घास! तीन तास तसाच!
नवरा म्हणाला, "सगळंच विसरते आई, गिळायचंही विसरली असेल." हसला. मी नाही हसले.

७ डिसेंबर, रविवार

पाण्याच्या दुसऱ्या घोटाला ठसका. मग आवाज ओला, खुळखुळता. वाटीभर पेजेला पन्नास मिनिटं. दोन महिन्यांत सासूबाई चार किलो उतरल्या. सगळं लिहून ठेवतेय.

नणंद आली ताइपेहून. बी-युन. आल्या आल्या सुरू — "वहिनी, हाडं वर आलीत आईची! उपाशी मारतेस की काय?"

चाळीस वर्षं या घरची चूल सांभाळली, आणि हे! रडणार नाही. मुळीच नाही.

११ डिसेंबर

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "स्मृतिभ्रंशात असं चालायचंच." मी खुर्चीवरून हललेच नाही. टिपणं पुढे सरकवली. "हे वाचा. मग उठते." वाचलं! गिळण्याच्या तपासणीची चिठ्ठी दिली.

१६ डिसेंबर

पाणी श्वासनलिकेत उतरतंय. रोज, थोडं थोडं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत. न्यूमोनिया झाला असता."
आता पाणी पावडर घालून दाट करायचं. ताठ बसवायचं. लहान चमचा. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही.

२१ डिसेंबर, रविवार

वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाचा सण, घरोघरी तांदळाच्या पिठाचे चिकट गोळे. बी-युनने एक गोळा आईच्या ओठांशी नेला. चिकट काही द्यायचं नाही, तिला दोनदा सांगितलं होतं! मी चमचा हिसकावला.

"सणासुदीला म्हातारीच्या तोंडचा घास काढतेस?"

"काढते! रोज काढेन!"

नवरा पायाकडे बघत बसलेला. मी रताळं उकडून मऊसूत घोटलं, आल्याचा दाट पाक घातला, चमचा चमचा भरवलं. सासूबाईंनी सगळी वाटी संपवली. एकदाही ठसका नाही!

बी-युन न जेवता गेली. जाऊ दे!

२८ डिसेंबर

पाऊण किलो वाढल्या. हं!

४ जानेवारी

बी-युनचा फोन. आवाज एवढासा. "वहिनी, दादाला सांगू नकोस. चहा पिताना मलाही ठसका लागतो गं. आणि परवा... बाजारातून घरचा रस्ताच सापडेना."

पहिल्या गाडीने ताइपेला निघतेय.