शिवणखोलीतून सूनबाईला

प्रिय सूनबाई,

माझं इथलं काम येत्या शनिवारी संपतं आणि त्यापुढच्या गुरुवारी विमान आहे. हे तुला तुझ्या नवऱ्याकडून कळलं असेलच. त्याच्याशी माझं फोनवर बोलणं होतं, तुझ्याशी मात्र अडीच वर्षांत 'बऱ्या आहात ना' आणि 'हो, तू?' याच्या पुढे गाडी सरकली नाही. म्हणून हे पत्र फक्त तुला. त्याला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

चार दिवस झाले, शिवणखोलीचा ताबा देणं चाललंय. तू ही खोली पाहिलेली नाहीस म्हणून सांगते. मिशनच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून आहे. तीन मशिनं, त्यांतलं एक पायाने चालवायचं. कापडाचे तागे ठेवायला भिंतभर फळ्या, आणि मधोमध कापायचं मोठं टेबल. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली एक जुनं गीतपुस्तक सारलेलं. पहिल्या दिवशी मी ते भक्तिभावाने काढून कपाटात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी कात्री तिरकी गेल्यावर मुकाट्याने परत सारलं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, बाळांची झबली-टोपडी, सगळं इथेच शिवतात. एकतीस वर्षं शाळेत पोरींना काज-बटण शिकवलेलं, त्यामुळे काम म्हणजे हातचा मळ वाटत होतं. भाषेने मात्र नाकी नऊ आणले. इथल्या भाषेत सुई आणि सासू या दोन शब्दांत एका स्वराचाच फरक आहे. पहिले दोन महिने मी भांडारात जाऊन 'दोन जाड सासवा द्या, आधीची मोडली' असं सांगत होते आणि तो भला माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता मला सुया काढून देत होता.

माझ्या हाताखाली जी शिंपीण होती तीच आता खोली सांभाळणार. मी तिला गडगडबाई म्हणते, कारण ती हसली की टेबलावरच्या टाचण्या हलतात. किल्ल्या हातात देताना मी तिला तासभर सूचना केल्या. तिने सगळ्या ऐकून घेतल्या आणि शेवटी म्हणाली, बाई, तुम्ही यायच्या आधी मी इथे अकरा वर्षं होते. मग आम्ही दोघी हसलो.

काल रविवारच्या उपासनेनंतर इथल्या चर्चच्या मंडळीने निरोप दिला. पाळकसाहेब म्हणाले, साठी ओलांडल्यावर प्रभूचं पाचारण ऐकून घरदार सोडून आलेली ही बहीण. मग देवाने कसं बोलावलं याची साक्ष द्यायला मला पुढे बोलावलं. मी उभी राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. लोकांना वाटलं माझा गळा दाटून आला. तसं काही नव्हतं. देवाच्या घरात खोटं बोलवेना, इतकंच. तुला ठाऊक आहे, मी पाचारण ऐकून आले नव्हते. आपल्या मंडळीत मिशनचं, दवाखान्याला शिवणबाई हवी असल्याचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाळाला जाऊन पाच महिने झाले होते. तू मला वेळेवर जेवायला वाढायचीस, औषधाची आठवण करायचीस, पण नजर वर उचलायची नाहीस. मला ते सोसवेना. मी घरातून पळाले, आणि लोकांनी माझ्या गळ्यात हार घातले.

इथे येऊन चौथा महिना असेल. वॉर्डातली एक नर्स शिवणखोलीत आली आणि म्हणाली, एक बाळ गेलंय, त्याला घालायला काहीतरी हवं, आई मागतेय. मी सांगितलं, मशिन बिघडलंय. मशिन चांगलं चालत होतं. गडगडबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, हातातली चादर बाजूला ठेवली आणि हाताने टाके घालून झबलं शिवून दिलं.

पुढे काही महिन्यांनी एक आई स्वतःच आली. वीस-बावीस वर्षांची पोर, दवाखान्याच्या झग्यात, भिंतीला धरून धरून चालत. सोबत तिची सासू, माझ्याच वयाची. पोरीने फळ्यांवरची सगळी कापडं चाचपली आणि निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं एक निवडलं. मी कापून शिवलं. बटणं लावायच्या वेळी ती म्हणाली, मी लावते. तीन बटणं लावायला तिला अर्धा तास लागला. एक वाकडं गेलं. तिने मला विचारलं, बरोबर झालं का? मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यानंतर दुपारभर ती वॉर्डाच्या व्हरांड्यात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याची बोटं उलगडून बघत होती. सासू शेजारी बसलेली. मला राहवेना. मी मेट्रनबाईंना गाठून म्हटलं, हा तिच्याशी क्रूरपणा नाही का, का बघू देता तिला? त्या ताप मोजत होत्या, माझ्याकडे वळल्याही नाहीत. म्हणाल्या, बाळ तिचं आहे, तिने बघायचं नाही तर कुणी बघायचं? मी खोलीत परत आले. त्या दिवशी माझ्याच्याने सुईत दोरा ओवला गेला नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुझं बाळ गेलं त्या दुपारी तू भुलीत होतीस. डॉक्टरांनी विचारलं, आई शुद्धीवर आल्यावर तिला बाळ दाखवायचं का? तुझा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो म्हणाला, आई, तूच सांग. आणि मी सांगितलं, नको. पाहिलं नाही तर लवकर विसरेल, असं मला वाटलं. मीच घाई केली. तू डोळे उघडलेस तोवर कबरीवर माती पडली होती. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, देवाची इच्छा होती, आता मनाला लावून घेऊ नकोस. पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून, तू पुन्हा विचारलंस, आई, कशी होती हो ती? मी म्हटलं, सगळी बाळं सारखीच दिसतात. त्यानंतर तू कधीच काही विचारलं नाहीस.

ती सगळ्या बाळांसारखी नव्हती. कबरस्तानापर्यंत गाडीत ती माझ्या मांडीवर होती, माझ्या शालीत गुंडाळलेली, आणि मी सगळा वेळ तिच्याकडेच बघत होते. डोक्यावर भरपूर केस होते, काळेभोर, आणि कपाळाच्या वर उजवीकडे तुझ्यासारखाच भोवरा. डाव्या कानाची पाळी किंचित दुमडलेली. हनुवटीला खळी, ती तुझ्या वडिलांची. बोटं लांब होती आणि नखं इतकी वाढलेली की कापायला झाली होती. ओठ मिटलेले, रुसल्यासारखे. देखणी होती गं तुझी लेक. हे तुझं होतं आणि तीन वर्षं मी एकटीने ठेवून घेतलं. तुझा हक्क मी तुला परत देऊ शकत नाही, पाहिलं तेवढं सांगू शकते. म्हणून हे पत्र, आणि मी पोचायच्या आधी, म्हणजे माझ्यासमोर तुला चेहरा सांभाळावा लागणार नाही. मंडळीच्या वसतिगृहात मी खोली सांगून ठेवली आहे, विमानतळावरून तिकडेच जाईन. तू ये म्हणालीस तर घरी येईन. नाही म्हणालीस तरी आणखी काही विचारायचं असेल ते विचार, पुन्हा पुन्हा विचार. मला सगळं आठवतं.

तुझीच,
अजून म्हणावंसं वाटत असेल तर, आई