अक्का बसमध्ये नाही

तीर्थरूप दाजींना त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा साष्टांग नमस्कार, तोही सुरक्षित अंतरावरून.

खोकला बरा असेल, भूक लागत असेल, रागावर ताबा असेल अशी आशा करतो. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे पत्र तुमच्या हातात ठेवून जो लगेच मागे सरकला असेल, तो आमचा गाईड. त्याला काही बोलू नका. त्या बिचाऱ्याला पाठांतराबाहेरचं काही येत नाही. आणि बसच्या दाराशी उभं राहून उतरणाऱ्यांची तोंडं तपासणंही आता थांबवा. मी त्यांत नाही. अक्काही नाही. ती सुखरूप आहे, ठणठणीत आहे, आपल्या दोघांपेक्षा खुशीत आहे. कुठे आहे ते ओघाने येईलच. फोन का केला नाही म्हणाल, तर केला होता. तो तुमच्या घरात कुठेतरी वाजला असणार, आणि नेमका कुठे ते सांगणारं माणूस इकडे आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. (शेवटापासून सांगायला धीर होत नाही.) ‘रान, वारसा आणि रसना : आरामशीर बसमधून अवघं बेट’ अशी जाहिरात तुम्हीच कापून अक्काच्या हातात दिलीत. बस बोटीवर चढवून बेटावर नेतात आणि बोटीत पाय ठेवायची तुमची छाती नाही (लोकांना मी तुमच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं आहे), म्हणून तुमच्या जागी मला धाडलंत आणि बजावलंत, की अक्काला सांभाळून ने आणि सांभाळून आण. यातलं पहिलं अर्धं काम मी चोख केलं.

रानापासून सुरुवात झाली. बेटावर एक दुर्मीळ पक्षी आहे. तो माणसाची चाहूल लागली की महिनाभर दिसत नाही, असं गाईडने भोंग्यावरून ओरडून सांगितलं. मग आम्ही सगळे चवड्यांवर चालत झाडीत शिरलो, आणि मागून ड्रायव्हरने बस वळवताना असा हॉर्न दिला की पक्षीच काय, पानंही थोडी मागे सरकली. शेवटी पक्ष्याचं चित्र असलेल्या पाटीचे फोटो काढून सगळे परतले. आमच्या मागच्या सीटवर एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी पाटीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि पक्षी पाहिल्याचं समाधान चेहऱ्यावर आणलं. अक्का बसमधून उतरलीच नव्हती. ती म्हणे, तो पक्षी शहाणा आहे, त्याला कशाला त्रास द्यायचा. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी पाटी वाचत होतो.

वारसा म्हणजे पडक्या भिंती. एक पडकी भिंत, मग बस, मग आधीच्याहून पडकी भिंत. गाईडच्या सांगण्यात प्रत्येक भिंतीवर कोणी ना कोणी सरदारीण समुद्राकडे डोळे लावून नवऱ्याची वाट बघत बसलेली होती. तिसऱ्या भिंतीशी अक्काने गाईडला विचारलं, की या बायकांची घरकामं तेव्हा कोण करायचं? हे त्याच्या पाठांतरात नव्हतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरांना मात्र वेगळीच शंका होती. वारसा वारसा म्हणता, तर वारस कोण, आणि भिंत विकायची आहे का?

रसनेचं काय सांगू? चीजचा तुकडा काडीला टोचून, मध चमच्याच्या टोकावर, मासळी नखाएवढी. खाण्यापेक्षा खाल्ल्याबद्दल ऐकायलाच जास्त वेळ. देवाच्या नैवेद्याचं ताटही यापेक्षा भरलेलं असतं, आणि देव जेवत नाही. त्यामुळे शेवटच्या थांब्यावर, टेकडीवरच्या खाणावळीत, वाडगाभर गरम सूप आणि अख्खा पाव समोर आला तेव्हा बसमधल्या लोकांनी गाईडकडे पाठ फिरवून आधी हात मारला. खाणावळ चालवणारी बाई एकटीच आहे आणि फारसं बोलत नाही. अक्काने आपला वाडगा उचलला, मागच्या अंगणात गेली, झाडाखालच्या बाकावर बसली आणि पायांतले बूट काढले.

दाजी, इथून पुढचं जरा शांतपणे वाचा.

गाईडने शिट्टी मारली. मी अक्काला बोलवायला गेलो. बूट घाल, शाल कुठे आहे, गोळी घेतलीस का, दाजी मला काय म्हणतील, अशी माझी गाडी चालू होती. तिने वाडग्यातून मान वर न करता एकच शब्द उच्चारला. “बस.” आता तुम्हीच सांगा. पुढच्या अंगणात इंजिन घरघरतंय, गाईड ‘बस, बस’ म्हणून बोंबलतोय आणि सख्खी थोरली बहीण म्हणते, बस. मी लहानपणापासून तिच्या आज्ञेतला. मी जाऊन बसलो. तिला म्हणायचं होतं ‘पुरे’. आपल्या भाषेत एकाच शब्दाला इतकी कामं कोणी लावली, त्याला मी शोधतो आहे.

पुढची चूक माझी एकट्याची नाही. अक्काच्या सीटवर तिची पिशवी होती, पिशवीवर शाल, शालीवर तिची उन्हाची टोपी. गाईडने डोकी मोजली तेव्हा टोपीला एक डोकं धरलं. मीही खिडकीतून समुद्र बघत होतो. बरंच पुढे गेल्यावर वारा लागला म्हणून शेजारी न बघताच मी विचारलं, अक्का, माझी कानटोपी कुठे आहे? उत्तर आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अशा प्रश्नाला उत्तर आलं नाही, तेव्हा मी दचकून बघितलं, तर शाल.

बस वळवली. मला शिव्या देण्यात सगळे एक झाले. सहलीत पहिल्यांदाच लोकांची एकमेकांशी ओळख झाली म्हणा ना. टेकडीवर पोचलो तर अक्का तिथेच, त्याच बाकावर, अनवाणी. संतापलेली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसत होती. मी म्हटलं, तू एकटी घाबरली नाहीस? त्यावर ती जे बोलली ते मी एक शब्दही न बदलता लिहितो, कारण ते तुमच्यासाठी आहे.

“अरे, एवढा वेळ मला कुणी काही विचारलं नाही. टॉवेल कुठाय, चष्मा कुठाय, काड्यापेटी कुठाय. घरी मी बायको नाही रे, कपाट आहे. दार उघडलं की वस्तू हातात पडली पाहिजे. कपाटाला कोण विचारतं, तू कशी आहेस?”

मी म्हटलं, दाजी वाट बघत असतील. ती म्हणाली, बघू देत, त्या भिंतींवर बायकांनी पुष्कळ बघितली. आणि खाणावळीच्या बाईकडून तिने वरची खोली घेतली. मी तुमची बाजू मांडली. (फार वेळ लागला नाही.) परतीची बोट सकाळची आहे, तेव्हा बस माझ्याशिवायही निघेल असं ड्रायव्हरने आनंदाने सांगितलं. अक्काला एकटं सोडवेना आणि तुम्हाला तोंड दाखववेना, म्हणून मीही खालच्या खोलीत राहिलो आहे. मला कुणी काही विचारत नाही, आणि खरं सांगू, बरं वाटतं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गाईडला निदान चहा तरी पाजा.

तुमचा आज्ञाधारक (आणि आज्ञा ऐकण्यात चुकलेला),
एकुलता एक मेहुणा

ता. क. : माझ्या बायकोने विचारलं तर मी अक्काच्या काळजीने राहिलो आहे असंच सांगा. सूप चांगलं आहे हे सांगू नका.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे एवढा कागद खर्च केला तो एका गोष्टीसाठी. दाजी, तुम्ही या. बोटीने या. डोळे मिटून या, उलट्या करत या, पण या. मी चल म्हटलं तर ती येणार नाही, मी दोनदा विचारून बसलो. आणि आल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय निघेल त्याची वाटेत तालीम करा. ‘कुठे’ हा शब्द त्यात नको.

ता. क. तिसरा : हे पाकीट बंद करायच्या आत वर ठोकाठोक ऐकू आली म्हणून जाऊन बघितलं. अक्काच्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरीवरची मऊ गादी तिने काढायला लावली आणि खाली लाकडाची फळी बसवून घेतली. अक्काला मऊ गादी लागते, मलाही. मणक्याच्या डॉक्टरांनी फळीवर झोपायला लावलेलं आपल्या दोन घरांत एकच माणूस आहे. मी काही विचारलं नाही. तुम्हीही आल्यावर विचारू नका, गुपचूप आडवे व्हा.