झाकलेल्या भागाबद्दल मत नाही

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
घर सापडलं! एका डेंटिस्टचं. तळमजल्यावर मागे ऐसपैस खोली, दोन बाजूंना खिडक्या. बाबांना मुद्दाम नेलं. गुडघ्यांमुळे ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरतच नाहीत, आज उतरले. खिडकीशी बसून म्हणाले, "इथं बरं वाटतं रे."
बस्स. तिथल्या तिथे विसार दिला. हिला घरी आल्यावर सांगितलं.
संकल्प : यापुढे आधी सांगणे.

५ फेब्रुवारी
कागद बघायला दिले त्या वकीलबाई म्हणतात, मागची खोली आणि तिच्यावरचं बाथरूम मंजूर नकाशात नाहीत. नंतरचं काम. ते नियमांनुसार झालंय असं इंजिनिअरचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर बँक कर्ज देणार नाही. मी हसलो. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर हयात गेली. मला कागद शिकवतात!
हिला म्हटलं, निव्वळ फॉर्मॅलिटी. ही म्हणाली, "मग विसाराआधी का नाही उरकलीत?"
बायकांना व्यवहारातला वेग झेपत नाही.

९ फेब्रुवारी
डेंटिस्टने कपाटातून जुनं प्रमाणपत्र काढून दिलं. म्हटलंच होतं मी.

१० फेब्रुवारी
वकीलबाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'घर बाहेरून पाहिले. दिसलेला भाग नियमांना धरून वाटतो. झाकलेल्या भागाबद्दल मत नाही. मागील खोली पाहिलेली नाही.' म्हणजे ज्यासाठी घर घेताय तेवढं सोडून सगळं ठीक, असं त्या म्हणाल्या.
नकारात्मक बाई. भाषा किती छान होती.

१६ फेब्रुवारी
हिचा धाकटा भाऊ इंजिनिअर. घरचं मांजर असताना उंदराला का भ्यायचं? त्याला म्हटलं, सहीच तर करायची आहे. तो म्हणाला, "दाजी, मी पाण्याच्या टाक्या बांधतो." म्हटलं, बाथरूम म्हणजे दुसरं काय?
तरी बघायला आला. जुनी बाहेरची भिंत पाडून खोली जोडली आहे. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग विचारलं, वरचं बाथरूम कशावर उभं आहे? मी म्हटलं, इतकी वर्षं उभं आहे म्हणजे कशावर तरी असणारच. त्याने सही केली नाही. बाहेर पडताना म्हणाला, "ताईला या खोलीत फार वेळ थांबू देऊ नका."
नातेवाईक ऐनवेळी अंग काढून घेतात ते असं.

२ मार्च
धाडसी निर्णय. आमच्या घरमालकाला नोटीस दिली, महिनाअखेर जागा सोडतो म्हणून. परतीचे दोर कापल्याशिवाय गड येत नाही. हिला योग्य वेळी सांगेन.

११ मार्च
कन्सल्टंट मिळाला! ऑनलाइन. मोबाइलवरून फोटो पाठवले, दुपारी प्रमाणपत्र हजर. सोनेरी किनार, दोन शिक्के. याला म्हणतात प्रोफेशनल.

१२ मार्च
प्रमाणपत्रात चार मजले आणि एक लिफ्ट आहे. लिफ्ट नियमांनुसार आहे म्हणे.
कन्सल्टंट फोन उचलत नाही.

२० मार्च
वकीलबाईंनी त्यांच्या ओळखीच्या इंजिनिअरबाई आणल्या. त्या म्हणाल्या, प्लास्टर फोडून बघणार. डेंटिस्ट खवळले, माझ्या घराला भोक पाडू देणार नाही म्हणाले. बाईंनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुम्ही एक्स-रे न काढता दात उपटता का?" डॉक्टरांनी खाट बाजूला सरकवली.
फोडलं. आत बीम नाही. जुन्या दाराची लाकडी चौकट, तीही वाळवीने पोखरलेली. तिच्यावर विटा, विटांवर बाथरूम. डॉक्टर म्हणाले, आमची ही रोज दुपारी इथेच आडवी होते. बाईंनी खोली आजच्या आज रिकामी करायला सांगितली.
मी प्रसंग सावरून घेतला. म्हटलं, 'असुरक्षित'च्या ऐवजी 'तूर्त सुरक्षित' असं काही लिहिता येईल का? बाईंनी विचारलं, "या खोलीत कोण राहणार आहे?"
म्हटलं, वडील.
त्यांनी पेनला टोपण लावलं.

२४ मार्च
डेंटिस्ट खोली पाडून टाकणार. विसार परत दिला, हात जोडले. खोली गेली की खाली नुसतं स्वयंपाकघर, झोपायचं सगळं वर. व्यवहार मोडला असं मी म्हणणार नाही. स्थगित.
घरमालकाकडे नोटीस मागे घ्यायला गेलो. त्याने जागा मुलगी-जावयाला दिली. रंगाचे डबेसुद्धा आणून ठेवलेत.
हिला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडी बांधायला घेतली.

३१ मार्च
नवी भाड्याची जागा. चौथा मजला. दुसरी मिळेना. हवा उत्तम. बाबांना व्यायामही होईल.
बाबा दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि पायरीवर बसले. वर काही येईनात. शेजाऱ्यांनी खुर्ची दिली. शेवटी हिने माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. आक्का संध्याकाळी गाडी घेऊन आली आणि त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. तिचं घर तळमजल्यावर.
अर्थात तात्पुरतं.

९ एप्रिल
बाबांना फोन केला. म्हटलं, दुसरं घर बघितलंय, या वेळी कागद चोख आहेत, महिन्याभरात तुम्हाला आणतो. बाबा म्हणाले, "घाई करू नकोस. मी इथे अंगणात बसतो." मग त्यांनी फोन आक्काला दिला. ती म्हणाली, त्यांचं कपाट आणि खाट पाठवून दे. म्हटलं, थोड्या दिवसांसाठी कपाट कशाला? आक्काने टेम्पोवाल्याचा नंबर दिला.
कपाट रिकामं करून ठेवलं. टेम्पोवाला सकाळी येतो म्हणालाय.