मागे चार गिअर, पुढे एक

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करते, कारण ती आता नुसती चौकशी राहिलेली नाही, पुरावा झाली आहे. आधी जे घडलं ते तेवढंच लिहिते.

१. मला डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी मोजायची नोकरी मिळाली. अट अशी की, एक तारखेला स्वतःची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन हजर व्हायचं. नाही झालं तर जागा दुसऱ्याला.
२. बाबांनी त्यांची जुनी गाडी मला दिली. चारही चाकांचे सांधे खिळखिळे. ते काढून पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच भक्कम दांडा, घरीच बसवायचं ठरलं.
३. काका, म्हणजे तुझे यजमान, दोन दिवसांसाठी मदतीला आले.
४. काका अजून इथेच आहेत.
५. रविवारी मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. ती मागे गेली.

पाचव्या कलमाचा खुलासा करते. भंगारवाल्याकडून आणलेल्या मागच्या अ‍ॅक्सलचा फुगीर भाग (त्यातले दात चाकांना फिरवतात) डावीकडे होता आणि गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट उजवीकडे. मी सध्याच्या कामावर गेलेली असताना काकांनी तो अ‍ॅक्सल, झोपेत कूस बदलावी तसा, उलथा केला. फुगीर भाग उजवीकडे आला, शाफ्ट जुळला, बाबांनी वेल्डिंग उरकलं आणि दोघांनी एकमेकांचं कौतुक करत चहा घेतला. उलथा अ‍ॅक्सल चाकंही उलटी फिरवतो, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही (असं दोघांचं म्हणणं). त्यामुळे गाडीला मागे जायला चार गिअर झाले आणि पुढे जायला एक. शेजारीणबाईंच्या दोरीवरच्या दोन चादरी पाठीवर घेऊन आम्ही कुंपणाला टेकलो, तेव्हा काका शेजारच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, “चांगलंच आहे की. जायला एक गिअर, घरी यायला चार.” बाबा हसले. मी हसले नाही. मी ते वाक्य लक्षात ठेवलं.

कारण बघ, बाबांची हयात लेथ मशीनवर गेली आणि काकांनी मुलांना गिअरची चित्रं काढायला शिकवण्यात केस पांढरे केले. अशा दोन माणसांकडून ही चूक होते, यावर तू विश्वास ठेवशील? (ठेवशील. तू काकांबरोबर संसार केला आहेस. पण मी मोजमापाची माणूस आहे.) मला सरळ दिसत होतं की मी नोकरीला जाऊ नये म्हणून दोघांनी संगनमत केलं आहे, आणि रोज संध्याकाळी काका गच्चीवर जाऊन तुला हळू आवाजात फोन करतात, म्हणजे तिसरं नाव तुझं. शेवटी मी गाडीखाली वाकून बाबांना विचारलंच. ते म्हणाले, “तुला अडवायचं असतं तर किल्ली लपवली असती. दोन-दोन अ‍ॅक्सल उचलून कंबर कशाला मोडून घेतली असती? तो पाना दे.” पाना दिला. उत्तर पटण्यासारखं होतं, आणि बाबा पटण्यासारखं बोलायला लागले की माझा संशय वाढतो.

भंगारवाल्याने अ‍ॅक्सल बदलून दिला, तोही एका शब्दावर (त्याच्याबद्दल वेगळं लिहीन). नवा सुलटा बसला आणि गाडी पुढे जायला लागली. पण त्याच खेपेत काका मागच्या बाजूचे कमानपाटेही (गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या लवचीक पोलादी पट्ट्या) घेऊन आले होते, ते मी नीट पाहिले. पाट्यांची रुंदी, जाडी, संख्या मोजली आणि कागदावर हिशेब केला. मी, माझी उपकरणं, जादा चाक आणि पाण्याची टाकी धरली तरी ते पाटे त्याहून कितीतरी जास्त वजनासाठी आहेत. उरलेलं वजन कुणाचं, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “असू दे गं, रस्ता खराब असतो.” रस्त्याला वजन नसतं.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. माळ्यावर पडलेली मागची सीट बाबांनी खाली आणून शिवून घेतली. काकांनी सहज म्हणून विचारलं, नोकरीच्या गावी मला मिळणाऱ्या घराला खोल्या किती. आणि तू, आत्या, गेल्या तीन फोनमध्ये तिन्ही वेळा विचारलंस की तिथली हवा कोरडी आहे का. तुझ्या गुडघ्यांना दमट हवा सोसत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही मला अडवत नव्हतात. तुम्ही तिघं माझ्याबरोबर यायचा बेत करत होतात, मला न विचारता, माझ्याच गाडीत. एकटीने राहायचं म्हणून मी ही नोकरी धरली होती, हे घरात सगळ्यांना माहीत असताना. मला या प्रकाराचा राग आला आहे, आणि तो मी इथे नोंदवते.

तुझी,
भाची

ता. क. काल उपकरणं भरून खडीच्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली. वजन कमी पडल्याने ते पाटे दबतच नाहीत. गाडी उड्या मारते आणि एक काच फुटली. मागच्या सीटवर वजन लागेल, हे तांत्रिक कारण आहे. वाळूची पोती चालतात, पण ती उतरून वाटेतलं फाटक उघडत नाहीत.

ता. क. २. खोल्या तीन आहेत. हवा कोरडी आहे; मी चौकशी केली. बाबा आणि काका आपापल्या पिशव्या भरून बसले आहेत आणि त्या मला दिसल्या नाहीत असं समजतात. मी शुक्रवारी सकाळी निघणार, तुझं घर वाटेवर आहे. येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळव.