सप्टेंबरात हलका गारवा

११ मे
आयडेलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आयडेला म्हणजे माझ्या बायकोची, लव्होनची थोरली बहीण. वय एकोणऐंशी. डॉक्टर म्हणाला, पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडा राहतील. म्हणजे समोरचं दिसणार नाही, बाजूचं दिसेल. किती दिवसांत? तो म्हणाला, हिवाळ्यापर्यंत बराच फरक पडेल.
गाडीत आयडेलाने पट्टा लावला. मग म्हणाली, "मला हिमनदी बघायचीय, ऑरिन."
एकेचाळीस वर्षं तिने आमच्या वाळवंटातल्या यूमाच्या शाळेत तिसरीला शिकवलं. ज्या पोरांनी गारांपलीकडे बर्फ पाहिला नाही त्यांना भिंतीवरच्या चित्रावरून हिमनदी समजावली. स्वतः पाहिलेली नाही.
मी म्हणालो, "माझ्यावर सोडा." अलास्काची क्रूझ. बुकिंग मी करणार. याच आठवड्यात.

१९ मे
बुकिंग झालं. २१ सप्टेंबर, सीॲटलहून. सीझनची जवळजवळ शेवटची बोट.
लव्होनने विचारलं, जुलै का नाही? मी म्हणालो, जुलै फुल्ल आहे. १३ जुलैला आमची बोलिंग लीगची वार्षिक स्पर्धा आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. जुलै मोकळा आहे का हे मी कंपनीला विचारलंच नाही. त्यामुळे तो फुल्ल नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही.
शिवाय हवामानाच्या दृष्टीने सप्टेंबरच उत्तम. चौतीस वर्षं एसी दुरुस्त केलेत. थंडी हा माझा धंदा होता.

१३ जुलै
पहिल्याच राउंडला बाहेर. मनगट धरलं होतं. लेनवर तेलही जास्त होतं.
आयडेला प्रोत्साहन द्यायला आली होती. पिन्स तिला दिसत नव्हत्या, ती आवाजावर टाळ्या वाजवत होती. माझा बॉल लेनच्या कडेच्या गटारात गेला तेव्हा शेजारच्या लेनवर कोणाचा तरी स्ट्राइक पडला, एका बॉलमध्ये सगळ्या पिन्स. जोरात टाळ्या. "शाब्बास ऑरिन!"
घरी येऊन जेवलो नाही. उन्हाळा बाधला असावा.

२ ऑगस्ट
आयडेलाने मला पेपरातलं कोडं वाचून दाखवायला सांगितलं. मेमध्ये ती स्वतः सोडवत होती, तेही पेनने.
संकल्प: रोज अर्धा तास तिला वाचून दाखवणे.

९ ऑगस्ट
संकल्पाचे दोन दिवस झाले. बाकीचे दिवस कामं होती.

८ सप्टेंबर
क्रूझ कंपनीचं पाकीट आलं. तिकिटांबरोबर हवामानाचा एक कागद. सप्टेंबरअखेर पाऊस जवळजवळ रोज. वारा. खुल्या समुद्रात लाटा मोठ्या. धुक्यामुळे हिमनदी दिसेलच याची खात्री नाही. एखादं बंदर गाळावं लागू शकतं. थरावर थर कपडे घाला, वॉटरप्रूफ कोट, टोपी, हातमोजे.
असे कागद वकील लोक लिहितात. उद्या कोणी शिंकलं तर कंपनीवर दावा नको म्हणून. गॅरेजमधल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. खालच्या.
जेवताना दोघींना माझा अंदाज सांगितला: हलका गारवा, डास अजिबात नाहीत, गर्दी कमी. एक स्वेटर पुरे.
आयडेला म्हणाली, "तू म्हणतोस तर."
तिने "तू म्हणतोस तर" म्हणायला नको होतं.

२१ सप्टेंबर, सीॲटल, दुपारी ४
स्वच्छ ऊन! डेकवर अर्ध्या बाह्यांचा शर्ट. लव्होनला म्हणालो, बघ. ती म्हणाली, "अजून आपण बंदर सोडलेलं नाहीये." लव्होनने दोन जाड कोट आणलेत, एक स्वतःचा, एक आयडेलाचा. मला न सांगता. बायकांना भरवसा म्हणून नसतो.

२२ सप्टेंबर, सकाळी ११
खुला समुद्र. लाटा.

दुपारी ३
अजून लाटा. लिहवत नाही.

संध्याकाळी ६
आयडेला एकटी जेवायला जाऊन आली. भिंतीचा कठडा धरून, पावलं मोजत. सामन मासा खाल्ला, वर ॲपल पाय. माझ्यासाठी खारी बिस्किटं आणली. म्हणाली, "सगळेच धडपडतायत. आज माझ्याकडे कोणी वळून बघितलं नाही. छान वाटलं."
बिस्किटं उशाशी ठेवली.

२३ सप्टेंबर, जूनो बंदर
पाऊस. पडतो म्हणावं असाही नाही, नुसता हवेत उभा आहे. माझा स्वेटर दहा मिनिटांत ओल्या मेंढीसारखा झाला. धक्क्यावरच्या दुकानात रेनकोट घ्यायला गेलो. दुकानवाली बाई गुडघाभर रबरी बूट घालून उभी. म्हणाली, "सप्टेंबरात आलात? मग तुम्ही पाऊसच बघायला आला असाल."
मी म्हणालो, जुलैत जागा नव्हती.
"जुलैत? यंदा तर जुलैत बोटी अर्ध्या रिकाम्या आल्या. आम्ही सगळे रडत होतो."
लव्होन टोप्या बघत होती. तिने ऐकलं नाही. आयडेला माझ्या शेजारीच होती. ती काही बोलली नाही. कदाचित तिनेही ऐकलं नसेल. दुकानात पावसाचा आवाज फार होता.
मोठ्या साइझचे रेनकोट संपलेत. मी मुलींचा घेतला. जांभळा.

२४ सप्टेंबर, सकाळी ७:१०
आज हिमनदी. माझा अंदाज: धुकं नऊपर्यंत विरेल.

९:३०
धुकं. बोट खाडीत अगदी हळू चाललीय. रेलिंगच्या पुढे काही नाही. पाणीसुद्धा नाही.

दुपारी १
नीट, क्रमाने लिहितो.
दहा वाजता बोट थांबली. आयडेला माझा दंड धरून डाव्या बाजूच्या रेलिंगशी उभी. तिने विचारलं, "समोर आहे का?"
मला "नाही" म्हणता आलं नाही. जुलैत दिसली असती, असं पुढे आपोआप आलं असतं. म्हणालो, "आहे तर. समोरच."
"कशी दिसतेय?"
"मोठी. निळी."
"मोठी म्हणजे?" बाई शेवटपर्यंत शिक्षिका.
"आपल्या गावातल्या पाण्याच्या चार टाक्या एकावर एक ठेवल्या तर तेवढी."
"भेगा?"
"भेगा आहेत. उभ्या. आतून जास्त निळ्या."
शेजारी टोरांटोच्या एक बाई होत्या, मिसेस पिकर्सगिल. त्या म्हणाल्या, "कुठे? मला तर काहीच दिसत नाही!" मी म्हणालो, डोळ्यांना सवय व्हावी लागते. त्या डोळे बारीक करून बघू लागल्या. मग त्यांचे मिस्टर आले, मग आणखी पाचसहा जण. एकजण म्हणाला, हो हो, आत्ता दिसली. मला जोर चढला. कडा कशी झुकलीय सांगितलं. वर पक्षी बसलेत सांगितलं. आयडेलाने माझा दंड घट्ट धरला होता, मान डोलावत होती.
तेवढ्यात आमच्या पाठीमागे आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. मग पाण्याचा. भोंग्यावर अधिकारी म्हणाला, धुकं उघडतंय, हिमनदी उजव्या बाजूला, उजव्या बाजूला बघा. त्याच वेळी आमच्याही समोरचं धुकं वर गेलं. समोर एक काळा खडक. त्यावर एक सील. ती आमच्याकडे बघत होती.
मिसेस पिकर्सगिल माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती लिहीत नाही.
सगळे पळाले. मी आयडेलाला घेऊन निघालो, पण डेक ओला, तिची पावलं जपून. पोचेपर्यंत रेलिंगला माणसांच्या तीन रांगा. मी "प्लीज, प्लीज" करत जांभळ्या रेनकोटात घुसलो, जागा केली. समोर हिमनदी होती. मी सांगितली होती तशी अजिबात नव्हती. टाक्यांचा हिशेबच चुकला होता. शहर होतं ते बर्फाचं.
आयडेलाने मान भलतीकडे वळवली, लाइफबोटीकडे. मी म्हणालो, "इकडे, आयडेला, समोर!" ती म्हणाली, "समोर बघितलं की भोक दिसतं. कडेने बघू दे." लाइफबोटीकडे तोंड करून ती हिमनदी बघत होती. तीनेक मिनिटं. मग धुकं पुन्हा खाली आलं.
"निळी आहे," ती म्हणाली. "तेवढं बरोबर सांगितलंस."

२५ सप्टेंबर, सकाळी
वाऱ्यामुळे आजचं बंदर रद्द. कॅप्टनने माफी मागितली. वारा त्याने सोडला नव्हता, तरी मागितली.
खरं लिहितो. १९ मेला मी विचारलं होतं. फोनवरची मुलगी म्हणाली होती, जुलैत खिडकीच्या दोन केबिन आहेत, देऊ का? मी म्हणालो, नको, सप्टेंबर.

दुपारी २
आयडेला खिडकीशी बसली होती. हातात गरम चॉकलेटचा मग, काचेवर पाऊस. सांगून टाकलं. लीग, फोन, कागद, सगळं.
तिने हातातलं चॉकलेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "जुलैत मला अजून माणसांचे चेहरे दिसत होते."
मी म्हणालो, माहितीये.
"कितवे आलात?"
"बारा टीममध्ये बारावे."
हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "दुकानात मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, तू सांगशील. काल त्या खडकाची हिमनदी करत होतास तेव्हा वाटलं, आता सांगेल. तर तू पक्षी बसवलेस." मग म्हणाली, "लव्होनला तूच सांग. आजच. मी तुझं काम करणार नाही."
म्हणजे खडकाचं तिला पहिल्यापासून कळत होतं. बर्फाचा गारवा पाठीला लागत होता म्हणे, तोंडाला नाही.

४:३०
लव्होनला सांगितलं. ती म्हणाली, "बेचाळीस वर्षांत तू मला पुष्कळ काही सांगितलंस, ऑरिन. मी पावसाला कोट आणते, कारण मी तुला ओळखते. आयडेला तुला ओळखत नव्हती." पुढे काही नाही. कॉफीला मिसेस पिकर्सगिलच्या टेबलावर जाऊन बसली.

२६ सप्टेंबर
पाऊस. तिघं एकाच टेबलावर जेवलो. मीठ दे, पाव दे, एवढंच. आयडेलाला मेनू वाचून दाखवला, सावकाश, सगळा. तिने थँक यू म्हटलं. वेटरला म्हणतात तसं.

२७ सप्टेंबर
लव्होनशी हवेबद्दल बोलून बघितलं. उद्या निवळेल म्हणालो. ती म्हणाली, "हो का."
संकल्प: घरी गेल्यावर रोज एक तास वाचून दाखवणे. पुढच्या जुलैत लीगला नाव द्यायचं नाही. आयडेलाला पुन्हा इथे आणायचं, नीट, उन्हात. तिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२८ सप्टेंबर, सीॲटल, सकाळी ८
आकाशात ढगाचा तुकडा नाही. उतरायच्या रांगेत उभे होतो. आयडेलाला सरप्राइज सांगून टाकलं. सगळा खर्च, सगळी धावपळ माझी, म्हणालो.
ती म्हणाली, बुकिंग झालंय. काल जहाजावरच्याच काउंटरवर तिने आणि लव्होनने केलं. ९ जुलै. दोघींची केबिन.
मी म्हणालो, पण तोपर्यंत डोळे...
"दिसणार नाही, माहितीये. बर्फ तुटतानाचा तो आवाज पुन्हा ऐकायचाय मला."
मी म्हणालो, मग तिघांची केबिन घेऊ. मी सोबत असलो तर मदतच होईल.
तिने हात पुढे करून चाचपत माझा खांदा शोधला, थोपटला. आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं.
"नको रे ऑरिन," ती म्हणाली. "तू फार बोलतोस."
बॅगा मी उचलल्या. तिन्ही. काही न बोलता.