दोन पाचांचा फासा

बाबा, मला वीस बाजूंचा फासा हवा होता. कोल्हापूरला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या मुलींनी एक खेळ शिकवला. एकीने गोष्ट रचत न्यायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि बाका प्रसंग आला की फासा टाकायचा. पदवी घेऊन मालवणला परतले ती हा खेळ डोक्यात घेऊनच. इथल्या मुली शिकतात, मग लग्न करून जातात. मधल्या काळात एकत्र बसून मोठ्याने कल्पना करायला त्यांना जागा नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून रविवारी तिघींना, तू गेल्यापासून बंद असलेल्या तुझ्या होड्यांच्या शेडात बोलावलं. फासा मात्र नव्हता. पहिल्याच दिवशी फजिती झाली असती तर त्या पुन्हा आल्या नसत्या.

बाजारात खेळण्यांच्या दुकानदाराने समोर बोट दाखवलं, "फासे थंय गावतले." समोर दोरखंडांचं दुकान. तिथले काका म्हणाले, "काय धरूचा आसा गो? उंदीर काय रानडुकर?"

"धरूचा नाय काका, खेळूचा आसा."

"रानडुकराबरोबर?" सगळं दुकान हसलं. मीसुद्धा.

शनिवारी हॉस्टेलच्या मुलींनी दिलेल्या पत्त्यावर एसटीने म्हापशाला गेले. शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, हातरुमालाएवढी पाटी. आत काचेच्या कपाटात बोटाच्या पेराएवढे सैनिक, रंगांच्या डब्या, आणि बरण्यांत गोळ्यांसारखे फासे. म्हाताऱ्या मालकांनी एक माझ्या तळहातावर ठेवला. "उडोवन पळय, बाय." मी टाकला, तीन पडले. पुन्हा उचलायला हात गेला आणि तू ओरडलास.

मी पाचवीत आहे. लुडोचा फासा हरवलाय. भर दुपारी तू फणसाच्या तुकड्याचा फासा तासतोस, तापलेल्या खिळ्याने ठिपके डागतोस. पहिलंच दान मला एक पडतं, मी पटकन फासा उचलते, आणि तू माझं मनगट धरतोस. "पडला ता पडला. दान परत उचलूचा नाय." आठवड्याभराने मी तो हरवल्याचं सांगितलं, तेव्हा रागावला नाहीस. "जावंदे, दुसरो करून देतंय," म्हणालास. तो दुसरा राहिलाच.

निघताना मी मालकांना विचारलं, दोन बाजूंना पाच ठिपके असलेला, दोनचा आकडाच नसलेला फासा आहे का? ते चष्म्यावरून बघत राहिले. "असो फासो कोणें केल्लो गो?"

"माझ्या बापाशीन," मी म्हटलं. बरं वाटलं म्हणताना.

रविवारी तिघी आल्या. तुझ्या रंध्याच्या बाकावर आम्ही समुद्रात बुडालेलं एक गाव शोधलं. चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली, मग स्टूल ओढून बसली. "माकाय एक सोंग दी." ती तांडेल झाली आणि आम्हा सगळ्यांवर ओरडत होडी हाकली. पुढच्या रविवारी कोण कोण येणार, हे तीच ठरवतेय.

हे पत्र तुझ्या पटाशीच्या पेटीत ठेवते. एवढंच सांगायचं होतं. फासा हरवला नव्हता. शेजारच्या मुली म्हणाल्या होत्या, "हिच्या बापाशीक मोजूक येना नाय," आणि मी तो विहिरीत टाकला. लाकडाचा होता, बाबा. बुडाला नाही. पाच वर करून कितीतरी वेळ तरंगत राहिला, आणि मी वाकून तो काढला नाही.